वरच्या टप्प्यातली गाडी

४ सप्टेंबर

एकदाचे येऊन पडलो. दोन ट्रंका, एक गादी, हिच्या औषधांची पिशवी आणि मी. ही म्हणते, सगळ्यात झिजलेला नग शेवटचा. खोटं नाही. अठ्ठावीस वर्षं मालगाड्यांच्या शेवटच्या डब्यात गार्ड म्हणून काढली. सलग झोप अशी कधी मिळालीच नाही. अजूनही दर दोन तासांनी जाग येते आणि हात निशाण शोधतो. शेवटी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. हिच्या दम्यावर डॉक्टरांनी सगळे पंप देऊन झाल्यावर एकच सांगितलं होतं, हवा बदला. तेवढ्यात ही जाहिरात दिसली. माझा थकवा आणि हिची छाती, दोघांची सोय एकाच अर्जात झाली.

ही जुनी लाकडाची लाइन. वरच्या जंगलातले ओंडके खाली आणायला शंभर वर्षांपूर्वी रूळ टाकले. पुढे झाडतोड बंद झाली, लाइनही गंजत पडली. आता एका कंपनीने खालचा अर्धा भाग दुरुस्त केलाय, चार डबे हिरवे रंगवलेत आणि वाफेचं इंजिन जोडून पर्यटकांना फिरवतात. दिवसाला एकच गाडी. दुपारी तीन दहाला आमच्या मधल्या स्टेशनात येते, लोक उतरून फोटो काढतात, तीन चाळीसला गाडी उलटी खाली. एवढ्या अर्ध्या तासासाठी मला पगार आणि क्वार्टर. मेन लाइनवरच्या दोस्तांना कळलं तर जळून खाक होतील.

क्वार्टर म्हणजे प्लॅटफॉर्मला लागून दोन खोल्या. एका खिडकीला काच नाही, पुठ्ठा आहे. संध्याकाळी ही दारात उभी राहून खोल श्वास घेत होती आणि खोकला आला नाही. मी टक लावून बघतोय म्हटल्यावर म्हणाली, अहो, असं काय बघताय, श्वासच घेतेय ना. मला भरून आलं. हिची छाती अशीच मोकळी राहिली तर मला आयुष्याकडून दुसरं काही नको.

९ सप्टेंबर

काम अंगवळणी पडलं. पडायला आहेच काय म्हणा.

एकेरी लाइन, त्यामुळे टोकनची जुनी पद्धत. टोकन म्हणजे हातभर लांब लाकडी दांडा, त्यावर पितळी पट्टी. ज्या टप्प्याचं टोकन ड्रायव्हरच्या हातात, त्या टप्प्यात तेवढी एकच गाडी. टोकन खुंटीवर असेल तर टप्पा मोकळा, खुंटीवर नसेल तर टप्प्यात गाडी आहे. यात शंकेला जागाच नाही. टोकन देताना रजिस्टरात लिहायचं: गाडी सोडली, वेळ, गार्ड कोण. गाडी पलीकडे पोहोचल्याचं कळलं की पुढच्या रकान्यात ‘पोहोचली’ आणि वेळ. गाडीत वेगळा गार्ड ठेवलेला नाही. हिरवं निशाण मी दाखवतो, म्हणून गार्डच्या रकान्यात माझंच नाव.

ऑफिसात खुंट्या दोन आहेत. एक खालच्या टप्प्याची, जिथे आमची गाडी चालते. दुसरी वरच्या टप्प्याची. तो चाळीस वर्षं बंद आहे, पण त्याचं टोकन तेल-पाणी करून पर्यटकांना दाखवायला ठेवलंय. वरचे रूळ प्लॅटफॉर्म संपला की तसेच पुढे चढत जातात. दहा पावलांवर रुळांखालच्या जुन्या लाकडी स्लीपरांची रास आडवी टाकून वाट बंद केलीय. स्टेशनात रूळ एकच. पूर्वी गाडी बाजूला घ्यायला दुसरा होता, तो उखडून विकला.

ड्रायव्हरला सगळे मामा म्हणतात. साठी उलटलेला माणूस, बोलणं मोजकं. चहा मात्र तीन कप पितो आणि हिने केलेला असेल तरच चांगला म्हणतो. मला म्हणाला, इथे फक्त एक करायचं, डाव्या पानाला हात लावायचा नाही. रजिस्टरचं डावं पान म्हणजे वरचा टप्पा. मी म्हटलं, मी कशाला लावतोय.

१७ सप्टेंबर

ही आज विहिरीपर्यंत चालत जाऊन आली, पंप न घेता. आल्यावर पाटीभर भांडी घासली आणि गुणगुणत होती. वर्षापूर्वी अंथरुणातून उठून मोरीपर्यंत जाताना हिच्या नाकी नऊ येत. दुपारी गाडीच्या वेळेला ती प्लॅटफॉर्मच्या वरच्या टोकाला, स्लीपरांच्या राशीजवळच्या बाकावर विणत बसते. पर्यटकांच्या बायका येऊन टाके विचारतात. तिला दरबार भरल्यासारखं वाटतं.

माझंच कोडं आहे. आठ-आठ तास झोपतो तरी उठताना अंग शिणलेलं असतं. ही म्हणते, अठ्ठावीस वर्षांची थकबाकी एका महिन्यात फिटेल होय? असेल.

२३ सप्टेंबर

आज गर्दी. कुठल्याशा बँकेची सहल होती, साठ जण. टोकन हातात घेऊन फोटो काढायला रांग लागली. एकाने तर ते खांद्यावर घेऊन बंदुकीसारखी पोझ दिली. तीन चाळीस होत आले तरी कुणी डब्यात चढेना. शिट्टी फुंकून फुंकून गाल दुखायला लागले. कसाबसा सगळ्यांना कोंबला, टोकन दिलं, नोंद केली, निशाण दाखवलं. गाडी गेल्यावर खुर्चीत बसलो तो तिथेच डोळा लागला.

२४ सप्टेंबर

मोठा घोळ झालाय.

सकाळी ऑफिस झाडताना पाहिलं, खुंटीवर खालच्या टप्प्याचं टोकन. ते खाली जायला हवं होतं. फोटोवाल्यांनी दोन्ही दांडे अदलाबदल करून लटकवले आणि मी मामांच्या हातात वरच्या टप्प्याचं टोकन दिलं. बरं, देताना पट्टी वाचली नाही असंही नाही. वाचली, आणि पट्टीवर जे होतं त्याप्रमाणे हाताने रजिस्टरात लिहिलं. डाव्या पानावर. माझ्याच अक्षरात: गाडी सोडली, ३.४०, गार्ड मी. अठ्ठावीस वर्षांत हाताला अशी सवय लागलीय की डोकं झोपलं तरी हात ड्युटी करतो.

गाडी खाली सुखरूप पोहोचली, म्हणून निभावलं. दुपारी मामांनी टोकन परत आणलं. त्यांनाही खाली उतरल्यावरच कळलं होतं. मी म्हटलं, नोंद खोडून टाकतो. मामा म्हणाले, खोडता येत नाही. बरोबरच आहे. टोकनच्या रजिस्टरात खाडाखोड चालत नाही, कुठल्याच लाइनवर चालत नाही. सोडलेली गाडी पोहोचलीच पाहिजे. मी हसून म्हटलं, पण गाडी आहे कुठे? मामा हसले नाहीत. चहाही घेतला नाही.

२६ सप्टेंबर

वरच्या अंगाने ताज्या कापलेल्या लाकडाचा वास येतोय. हिलाही आला. म्हणाली, छान आहे, छातीला बरा वाटतो.

राशीपलीकडे जाऊन पाहिलं. कुठेही तोड चाललेली नाही. पण रुळांवर नजर गेली आणि मी खाली वाकलो. गंजलेल्या रुळाच्या माथ्यावर बोटभर रुंदीची चकाकी आहे, दोन्ही रुळांवर, नजर जाईल तिथवर. रूळ काही घासूनपुसून असा चकाकत नाही. चाकं फिरली तरच चकाकतो.

२७ सप्टेंबर

मामांना धरून बसवलं आणि विचारलं. आधी ताकास तूर लागू देईनात. मग हळूहळू बोलले.

चाळीस वर्षांपूर्वीची शेवटची लाकडाची गाडी. मामा तेव्हा विशीतले, या स्टेशनात इंजिनाला पाणी भरायचे. त्यांचे वडील त्या गाडीवर ब्रेकवाले. त्या काळी प्रत्येक वाघिणीवर, म्हणजे ओंडक्यांच्या उघड्या डब्यावर, एक माणूस बसायचा आणि इंजिनाची शिट्टी झाली की हाताने चाक फिरवून ब्रेक आवळायचा. सगळ्यात मोठा ब्रेक शेवटच्या डब्यात, गार्डकडे. त्या गार्डला तीन दिवस बदली मिळाली नव्हती. तो वरच उतरला आणि कुणाला न सांगता पायवाटेने घरी जाऊन झोपला. गाडी त्याच्याशिवाय निघाली. खाली या स्टेशनात मामांना ऐकू येत होतं, तीन आखूड शिट्ट्या, पुन्हा तीन, पुन्हा तीन. तीन आखूड म्हणजे गार्डने ब्रेक लावावा. मग बंद झालं.

गाडी आलीच नाही. शोधायला गेले तर दरीत काही नाही. इंजिन नाही, ओंडके नाहीत, माणसं नाहीत. महिनाभराने स्टेशनमास्तरने वरिष्ठांच्या सांगण्यावरून, वेळेचा रकाना कोरा ठेवून, रजिस्टरात ‘पोहोचली’ लिहिलं आणि टप्पा बंद केला. मामा म्हणाले, पोहोचली म्हणून लिहिली ना, म्हणून इतकी वर्षं गप्प होती. आता तुम्ही परत सोडलीत. आणि या वेळी तिला गार्ड दिलात.

मी त्यांना घरी जाऊन झोपा म्हटलं. मला स्वतःला झोप नाही.

२९ सप्टेंबर

खाली जाऊन मॅनेजरबाईंना भेटलो. पोरवयाच्या आहेत, पण हुशार. त्यांना टोकन म्हणजे शोकेसमधली वस्तू. म्हणाल्या, काका, एवढं काय त्यात, तुम्हीही ‘पोहोचली’ लिहा आणि कुठलीतरी वेळ टाका, विषय संपला.

मी दमलो होतो. विषय संपला हे शब्द कानाला इतके गोड लागले की परत येऊन तसंच केलं. ‘पोहोचली.’ वेळ सुचेना, ३.२५ टाकली. दोन बोटांमध्ये पेन होतं तोवरच चूक कळली. पण लिहून झालं होतं.

३० सप्टेंबर

दुपारी बरोबर ३.२५. लांबून, वरून. तीन आखूड शिट्ट्या.

आमचं इंजिन प्लॅटफॉर्मला शांत उभं होतं. मामांचे दोन्ही हात मला दिसत होते. शिट्टीच्या दोरीवर एकही नव्हता. पर्यटकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं कार्यक्रमाचाच भाग आहे. ही बाकावरून म्हणाली, अहो, कुणीतरी कळवळून बोलावतंय असं वाटतं नाही?

माझा उजवा हात आपोआप उठला आणि हवेत गोल फिरला. ब्रेकचं चाक फिरवतात तसा.

२ ऑक्टोबर

काल जवळ. आज त्याहून जवळ. रोज ३.२५ लाच.

आता हिशोब उलगडला. ‘पोहोचली ३.२५’ असं लिहिलंय मी. म्हणजे ती पोहोचणार, मी लिहिलं म्हणून पोहोचणार. ३.२५ ला प्लॅटफॉर्मवर आमची गाडी माणसांनी भरलेली असते. रूळ एकच. वरून उतार. शेवटच्या डब्यात ब्रेकवर कोणी नाही. आणि राशीजवळच्या बाकावर ही.

३ ऑक्टोबर

हिला म्हटलं, बहिणीकडे जा थोडे दिवस. आज गाडीने खाली सोडलं. खालच्या स्टेशनात पोहोचायच्या आत दम लागला. ओठ निळे पडले. मामांनी तशाच इंजिनावरून परत वर आणलं. वर येताच श्वास मोकळा. माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, मला आता इथून हलवू नका, तुमच्या पाया पडते. कोणत्या तोंडाने सांगू?

निदान बाकावर बसू नकोस म्हटलं. का, म्हणाली. सांगितलं नाही. फुगून बसली.

५ ऑक्टोबर

गाडी ३.२० लाच सोडायचा प्रयत्न केला. दोन प्रवासी फोटो काढायला मागे राहिले. मॅनेजरबाईंचा फोन आला, वेळ बदलायची नाही. शिट्टी आता पहिल्या वळणाच्या मागून येते. राशीतल्या स्लीपरांमधून भुसा पडतोय. प्लॅटफॉर्म हलतो.

मामा म्हणाले, उद्या.

मी म्हटलं, माहीत आहे.

खूप दमलोय. इतका की भीतीसुद्धा वरवरची वाटते. पण हिचा श्वास ऐकत बसलो होतो आत्ता. शांत, लहान मुलासारखा. नाही, हे मोडू द्यायचं नाही. गाडीला गार्ड हवाय. गार्ड मी आहे. तसं लिहिलेलंच आहे.

६ ऑक्टोबर

हिला सांगितलं, रूळ तपासून येतो. डबा विसरू नका म्हणाली. विसरलोच.

पहिल्या वळणामागे उभी आहे. इंजिन धुरकट, वाफ गार. सात वाघिणी, ओंडके ताजे, चीक गळतोय. प्रत्येक वाघिणीवर एक माणूस, दोन्ही हात ब्रेकच्या चाकावर. कोणी माझ्याकडे पाहिलं नाही. डोळे उघडे आहेत पण झोपेला आलेले, मी ओळखतो ते डोळे. तिसऱ्या वाघिणीवरच्या माणसाचे कान अगदी मामांसारखे. सगळ्यांच्याच हाताच्या बोटांना झाडासारख्या साली आल्यात, चाकाला धरून धरून.

शेवटच्या डब्याचं दार उघडं होतं.

चढलो.

६ ऑक्टोबर, ३.४५

आवळला ब्रेक. तीन शिट्ट्या झाल्या, सुटली, सगळा जीव एकवटून चाक आवळलं. राशीच्या अलीकडे पन्नास पावलांवर थांबली. थांबवली. ३.२५ होऊन गेले. खाली आमची गाडी दिसत होती, हिरवे डबे, माणसं हसत होती. मामांनी टोपी काढून हातात घेतली होती. ३.४० ला स्वतःच टोकन घेऊन ते खाली गेले, सगळे सुखरूप गेले. जीव भांड्यात पडला.

आता उतरतो.

६ तारीख, अजून

उतरता येत नाही. चाकाची खिट्टी झिजलेली आहे, अडकत नाही. हात सैल केला की गाडी सरकते. एका वितीने सरकली. पुन्हा आवळलं. आता कळलं हे सातजण हात का सोडत नाहीत.

गुडघ्याने चाक धरून लिहितोय. लिहीत राहिलो की डोळा लागत नाही.

पहाट असावी

ही कंदील घेऊन दोनदा प्लॅटफॉर्मच्या टोकाला आली. अहो, अहो. मी ओ दिली. चार वेळा दिली. तिला ऐकू गेलं नाही. गाडीकडेच बघत होती, पण गाडी दिसल्यासारखं बघत नव्हती.

दोन विती सरकलीय. बदली कोण देणार? रजिस्टरात दुसऱ्या कुणाचं नाव नाही, नकोच—

७

उजाडलं. हात बधिर. खांद्यापासून खाली माझा आहे की चाकाचा, कळत नाही. एकदा डुलकी लागली. हादऱ्याने खाली रास मोडल्याचा आवाज आला तेव्हा जाग आली. आवळलं. थांबली. राशीला, बाकाला, जेमतेम तीस पावलं—

झोप नको. झोप नको. झोप

७, ऊन आलंय

ही निघाली. मोडलेल्या राशीवरून चढून आली. हातात माझा डबा. रुळांच्या मधोमध चालतेय, स्लीपरवर पाऊल टाकत, सरळ इकडेच. मला शोधायला. चढ आहे तरी दम लागत नाही तिला, किती छान चालतेय—

बाजूला हो. ओरडलो. बाजूला हो गं. सातहीजणांनी माना वळवल्या, तिने नाही.

इंजिनापासून वीस पावलं असतील. डोळे मिटतायत, हे काय आत्ता, आत्ताच नको, चाक ओलं झालंय हाताने, ती हाक मारतेय, अहो म्हणतेय, हात घस